बॅटरीला शिवलेलं टोपडं

बाल्या,

काल लातूरला तुझ्या क्लासच्या पोरांनी तुझी शोकसभा घेतली. हॉलमधले दिवे बंद केले आणि प्रत्येकाने आपापली लाल बॅटरी लावली. कुणाच्या मोबाइलवर लाल जिलेटिनचा कागद चिकटवलेला, कुणाकडे तुझ्यासारखी कपाळाला बांधायची. हार घातलेल्या तुझ्या फोटोवरही लाल उजेड. एक मुलगी माइकवर म्हणाली, "सर आता ताऱ्यांमध्ये गेले आहेत, तिथून ते आपल्याला बघत आहेत." निम्मा हॉल मुसमुसायला लागला. मला उठून तिच्या हातातला माइक काढून घ्यावासा वाटला. सर ताऱ्यांत-बिऱ्यांत गेले नाहीत गं पोरी. सर घोणस चावून मेले. तुम्ही हातात जो उजेड धरलाय ना, त्याच उजेडात ती त्यांना दिसली नाही.

मी उठले नाही, कारण शेजारी माय बसली होती. ती मान वळवून वळवून त्या बॅटऱ्या बघत होती. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अक्का, ह्या समद्याच लाल हायती की गं."

"हाव."

"मंग माझीच कामून चालली न्हाई त्याला?"

या प्रश्नाचं उत्तर तुझ्याकडे होतं. ते तू मला सांगितलंस आणि वर म्हणालास, तू बोलू नको. मेलेल्या माणसाने असं कुणाचं तोंड बांधून जाऊ नये. पण तुला दुसऱ्याचा विचार कधी होता?

तुझं ते अंधाराचं सोवळं मला सगळं पाठ आहे. डोळे अंधाराला सरावायला अर्धा तास लागतो. तेवढ्यात कुणी पांढरा उजेड मारला की डोळे बाटले, पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास. लाल उजेड तेवढा चालतो, त्याने डोळ्यांचा सराव मोडत नाही. आपल्या माळावरच्या रानात तू पोरांना तारे दाखवायला आणायचास, तेव्हा बांधावरच सगळ्यांचे मोबाइल उशीच्या अभ्र्यात गोळा करायचास. गाडीचा हेडलाइट वळणावरच बंद. भाकरीसुद्धा लाल उजेडात खायची. पहिल्यांदा मी आले होते तेव्हा ताटात पांढरंफटक काहीतरी वाढलंस. मी दही समजून बोटभर चाटलं, तर ती लाल मिरचीची चटणी. माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि तू पोट धरून हसत होतास. "लाल उजेडात लाल वस्तू पांढरी दिसती, अक्का. फिजिक्स हाय हे."

त्याच दिवशी तू मला शनीची कडी दाखवलीस, तेही सांगून टाकते. माझं घर मोडून मी नुकतीच नांदेडला एकटी राहायला गेले होते. माहेरी सगळे माझ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तसे बघत होते. तू काही विचारलं नाहीस. दुर्बिणीपाशी स्टूल ठेवलंस आणि म्हणालास, बघ. त्या एवढ्याशा पिवळ्या ठिपक्याभोवती खरोखरच कडी होती. मी कितीतरी वेळ डोळा लावून बसले, आणि मागे रांगेत उभी असलेली पोरं कुरकुरायला लागली तर तू त्यांना गप्प केलंस. ते मी विसरले नाही. विसरता आलं असतं तर तुझ्यावर धड रागावता तरी आलं असतं.

तुझं ऐकून मी दवाखान्यात, माझ्या वॉर्डातही बॅटरीला लाल कागद लावून पाहिला होता. नाइट ड्युटीला राउंड घेताना पेशंटच्या तोंडावर झगझगीत उजेड मारायला मला नको वाटायचं. दोनच दिवस वापरला. तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्याच्या हातातली सलाइनची सुई निसटली आणि चादर रक्ताने भिजली. मी दोनदा त्याच्या खाटेजवळून जाऊनही मला ते दिसलं नाही. लाल उजेडात रक्त दिसतच नाही, बाल्या. ओलं दिसतं, पाण्यासारखं. म्हातारा वाचला, मी कागद फाडून टाकला. तुला फोन करून सांगितलं, तर तू काय म्हणालास? "तुझ्या धंद्याला चालत न्हाई, माझ्या धंद्याला चालतंय."

त्या फोनवर आपलं भांडण झालं. मी म्हटलं, रानात जातोस, खिशात एक पांढरी बॅटरी ठेवत जा. साप, विंचू, काहीही असतं. तू म्हणालास, "तुला वॉर्डात बसून साप-विंचूच दिसून राहिले. खिशात ठिवली की हात जातोच तिच्याकडं." मी फोन आपटला. पुढे कितीतरी वेळा हेच भांडण, तीच वाक्यं. शेवटच्या वेळी तू म्हणालास, "दिवाळीला ये, मग बोलू." दिवाळीला मी आले, पण तेव्हा भांडायला दुसरा विषय होता.

तो विषय म्हणजे माय.

त्या आधीच्या हिवाळ्यातली गोष्ट. रानात तुझी पन्नासेक पोरं होती. मायने तुझ्यासाठी कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधली आणि गावातून चालत माळावर आली. हातात तिची चार्जिंगची बॅटरी, झगझगीत पांढरी. लेकाचं कौतुक सुरू आहे, आपणही बघावं, एवढंच तिच्या मनात. आणि तू अंधारातून ओरडलास, "कोण हाय ती बाई? बंद करा तो उजेड! अर्ध्या तासाची माती केली!" पोरं हसली. तोपर्यंत तुला ती ओळखू आली नसेल, एवढं मी तुला सोडते. पण जवळ येऊन ती "म्या हाय रे, बाल्या" म्हणाली, त्यानंतर तू काय बोललास? "तू कशाला मधीमधी येतीस? तुला काय कळतंय यातलं?" तुझ्या पोरांसमोर. तिने बॅटरी बंद केली, फडकं बांधावर ठेवलं आणि त्या काळोखात, उजेड न लावता, चाचपडत घरी गेली. वाटेत ओघळीत पडली, गुडघा फोडून घेतला. तुला दुसऱ्या दिवशी कळलं. तू मलम आणून दिलंस. दोन शब्द आणले नाहीस.

मी फोनवर तुला नको नको ते बोलले. तू म्हणालास, "मलम दिलं की." जसं काही दुकानदाराने माल बदलून दिला.

माय मात्र रुसली नाही. माय रुसली असती तर बरं झालं असतं. तिने जुन्या लाल पातळाचा तुकडा काढला आणि बॅटरीला टोपडं शिवलं. तुला लहानपणी शिवायची अगदी तसंच, वर चुण्या, खाली नाडी. आधी एकेरी शिवलं होतं. लावून बघितलं, तर मधून पांढरं झिरपायला लागलं. मग उसवून दुहेरी केलं. मला म्हणाली, "पुन्ना वरडाया नको त्यो." दाराजवळच्या खुंटीला ती बॅटरी टोपडं घालून टांगून ठेवली. वर्षभर ती तिथेच लटकत होती आणि वर्षभर माय वाट बघत होती, की तू एकदा म्हणशील, चल माय, रानात. तिला आपणहून यायचं नव्हतं. तिला बोलावणं हवं होतं.

दिवाळीला तू आलास. चप्पल काढताना तुझी नजर खुंटीवर गेली, मी बघत होते. तू ते टोपडं बोटाने जरा दाबलंस. तुला कळलं. माय चुलीपाशी बसून तुझ्याकडेच बघत होती. आणि तू म्हणालास, "चहा टाक गं."

मी त्या दिवशी तुला मागच्या अंगणात नेऊन विचारलं, तुझी जीभ झडते का? तू म्हणालास, "बोलंन की. घाई काय हाय?"

घाई घोणसीला होती.

दिवाळीनंतर तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तू रानात एकटाच गेलास, पुढच्या आठवड्यात पोरांना आणायचं म्हणून जागा बघायला. कपाळाला बांधायची तुझी भारीतली बॅटरी चार्ज करायला विसरलास. माय घरी नव्हती, उदगीरला मावशीकडे बारशाला गेली होती. कुलूप उघडून आत गेलास आणि खुंटीवरची मायची बॅटरी घेतलीस. टोपड्यासकट.

हे सगळं तू मला दवाखान्यात सांगितलंस. मी नांदेडहून पहिली एसटी धरून आले, तोवर तू बोलत होतास. चेहरा सुजलेला, हिरड्यांतून रक्त, आणि तुझं काय चाललं होतं, तर मायच्या बॅटरीचं कौतुक. "भारी हाय गं अक्का. एकदम मंद. माझ्या दोन हजाराच्या बॅटरीला असा उजेड न्हाई. अशीच पायजे असती." मी तुझ्या खाटेच्या कडेला लावलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत होते. आत कोऱ्या चहासारखा रंग होता. इतकी वर्षं मी वॉर्डात काढली आहेत. मला त्या रंगावरून सगळं कळलं आणि तू मला मंद उजेडाचे गुण सांगत होतास.

चालताना पायाला काहीतरी टोचलं. वाळक्या गवतात, वाळक्या गवताच्याच रंगाची. दिवसा कदाचित दिसली असती. पांढऱ्या उजेडात नक्की दिसली असती, तिच्या अंगावरच्या तपकिरी कड्या काही लपत नाहीत. पण लाल उजेडात तपकिरी, पिवळं, मातकट सगळं एकच होतं, हे तूच मला चटणी चाटवून शिकवलं होतंस. तुला वाटलं बोराटीचा काटा मोडला. बॅटरी पायावर धरलीस. दोन ठिपके दिसले. हात फिरवला तर ओलसर लागलं. तुला वाटलं दव.

ते रक्त होतं, बाल्या. मी तुला फोनवर सांगितलं होतं.

आणि खिशात मोबाइल होता. नुसतं बोट लावलं असतं तर पांढरा उजेड पडला असता. मी विचारलं, का नाही लावलास? तू अपराध्यासारखा हसलास. "डोळे नुकतेच जमले व्हते गं."

अर्धा तास तू तिथेच बसलास. कृत्तिका उगवून वर आल्या होत्या. लोकांना त्यात सहा दिसतात, चांगल्या डोळ्यांना सात. "अक्का, नऊ दिसल्या," तू म्हणालास. "जन्मात पहिल्यांदा. कसलं आभाळ व्हतं." तुझे सुजलेले डोळे चमकत होते. मग पाय जड झाला, स्लिपर निघेना, तेव्हा कुठे मोबाइलचा उजेड लावलास आणि पाहिलंस, पाय काळानिळा आणि बोटांतून रक्त ओघळतंय. शेजारच्या रानातल्यांनी गाडीवर घालून आणलं. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. गेलेला अर्धा तास मात्र त्यांना परत भरता येत नव्हता.

मी तुला तिथेच शिव्या दिल्या. मरणाऱ्या भावाला शिव्या देणारी बहीण म्हणून शेजारच्या खाटेवरची बाई माझ्याकडे बघत होती. बघू दे. नऊ कृत्तिकांसाठी जीव देतं का कुणी, गाढवा?

तू डोळे मिटून घेतलेस आणि म्हणालास, "माय आली की मी सांगतो तिला. तिची बॅटरी नेली व्हती म्हणून. मीच सांगतो, तू बोलू नको." मला कळलं तुला काय सांगायचं होतं ते. ते दोन शब्द, जे मलमाबरोबर यायला हवे होते. मायला निरोप उशिरा मिळाला, ती दुपारी उदगीरहून पोचली, तोवर तुझ्या घशात नळी होती. ती तुझ्या पायाशी बसून राहिली. तू तिसऱ्या दिवशी गेलास.

तुझ्या वस्तू एका प्लास्टिकच्या पिशवीत माझ्या हातात दिल्या. शर्ट, एक स्लिपर, मोबाइल, आणि मायची बॅटरी. टोपड्याची नाडी तू नीट बांधलेली होती.

तुला गावाकडे आणायच्या आधी घर उघडायला मी पुढे गेले. आणि ती बॅटरी पुन्हा खुंटीला टांगली. तू बोलू नको म्हणाला होतास, हे एक. आणि मला वाटलं, आपण शिवलेल्या टोपड्याच्या उजेडात लेक मेला हे कळलं तर माय दुसऱ्या दिवसाचा सूर्य बघणार नाही. तिला सांगितलं, त्याच्याजवळ त्याचीच बॅटरी होती, बंद पडली. मला वाटलं, मी मायला वाचवलं.

तुझ्या तेराव्याला पाहुणे पांगल्यावर ती खुंटीखाली बसली आणि बोलायला लागली. "डोळ्यांम्होरं लटकत व्हती. त्याची बंद पडली तर ही घ्यायची. हात लांब केला असता की आली असती. एवढी लाज वाटत व्हती त्याला माझ्या बॅटरीची? मराया टेकला तरी घेतली न्हाई." कुणी समजावलं तर ऐकेना. जेवायची बंद झाली. रोज तेच. घेतली असती तर वाचला असता. घेतली न्हाई. माझी म्हणून घेतली न्हाई.

आता बोल. खरं सांगू, तर तिच्या हाताने तू मेलास. खोटं राखू, तर तू तिला मरेपर्यंत झिडकारलंस. दोन्हीकडून तीच भाजते. आणि हे सरण तू रचून गेलास, लाल उजेडात बसून, तारे मोजत.

कालच्या सभेत तिने ते विचारलं, "माझीच कामून चालली न्हाई?" परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून तोंड दाबून बसले. ती पुटपुटत होती. देवणीचा स्टँड येईपर्यंत माझा निश्चय झाला, की मेलेल्याचा शब्द गेला खड्ड्यात.

आज सकाळी अंगणात ऊन आलं होतं. मी खुंटीवरची बॅटरी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"माय, त्यानं हीच नेली होती. मी परत टांगली. खोटं बोलले मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग बॅटरीकडे.

"घेतली व्हती? त्यानं?"

"हाव."

"आपल्या हातानं?"

"हाव, माय. दवाखान्यात मला सांगितलं. भारी आहे म्हणाला. माझ्या बॅटरीपेक्षा चांगली, अशीच पाहिजे असते म्हणाला. तुला सांगणार होता."

बाल्या, ती हसली. तू गेल्यापासून पहिल्यांदा. त्या टोपड्यावरून तिने हात फिरवला, जसा तुझ्या डोक्यावरून फिरवायची. "भारी हाय म्हणला?" मी पुन्हा सांगितलं. तिने ते तीनदा माझ्याकडून म्हणवून घेतलं. मग उठली, तोंड धुतलं, माझ्या हातचा चहा प्यायली, चहात बुडवून अर्धी भाकरी खाल्ली. मला वाटलं, सुटलो आपण. तुझ्यावरचा माझा रागही जरा खाली बसला. मी मनात तुला म्हटलंसुद्धा, बघ, तुझं काम मी केलं.

मी भांडी घासत होते. मागून तिचा आवाज आला.

"अक्का, मंग ही लावलेली व्हती, तर जनावर कसं दिसलं न्हाई त्याला?"

माझा हात राखेतच राहिला. "मागून आलं, माय. मागून आलेलं कुणाला दिसतं?"

मी वळून पाहिलं. ती घरात गेली होती, दार लोटून अंधार करून. फटीतून आत बघितलं. तिने बॅटरी लावली होती आणि आपल्या पायांवर धरली होती. कितीतरी वेळ ती आपले पाय बघत उभी होती. जोडवी, भेगा, जमीन, सगळं एकाच रंगाचं.

मग बाहेर येऊन उन्हात बसली. टोपड्याची नाडी सोडली, ते काढून हातात घेतलं आणि दोन्ही कापडं चिमटीत धरून एकमेकांवर चोळून पाहिली.

"एकेरीच ठिवाया पायजे व्हतं," माय म्हणाली. "म्या दुहेरी केलं."

तेव्हापासून ती तिथेच बसून टोपडं उसवते आहे. दात लावून एकेक टाका तोडते आहे. मी दारात उभी आहे आणि माझ्याकडे तिला द्यायला आता खरं नाही, खोटंही नाही.

मीच सांगतो म्हणाला होतास ना, बाल्या? ये मग. सांग तिला.